गडग्याखालची बारा कलमं

आमच्या वाडीत थंडी खोबरेल तेलाच्या बाटलीवर मोजतात. तेल वाहतंय तोवर थंडी नाही. तळाशी पांढरं दिसलं तर थंडी आली. आणि बाटली उपडी करून चार थापट्या मारल्या तरी थेंब पडला नाही, तर म्हाताऱ्या माणसांना अंगणात बसू द्यायचं नाही. सत्त्याऐंशी साली फेब्रुवारी सरताना, म्हणजे खरं तर घामाच्या धारा लागायला हव्यात तेव्हा, आमच्या घरातली बाटली सलग दहा दिवस दगड होऊन बसली होती. माझी बायको मथुरा ती चुलीच्या कडेला ठेवायची आणि तेल सुटलं की मग वेणी घालायची.

त्या दहा दिवसांनी माझ्या घरात जे केलं ते मला सांगायचं आहे. मी भिकाजी, नेवऱ्याच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जी वाडी आहे तिथला पोस्टमास्तर. पोस्टमास्तर हा शब्द ऐकायला भारी वाटतो. प्रत्यक्षात एक खिडकी, एक टेबल, एक शिक्का, आणि दुपारी एक वाजता कुलूप. बागेतलं मला काही कळत नाही आणि उंचीची मला भीती वाटते. कोकणात जन्मून झाडावर चढता न येणारा पुरुष म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

माझे वडील आत्माराम, त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. सड्याच्या उतारावरची तीस हापूस कलमं आबांनी उभी केली. तिथे माती नव्हतीच, नुसता कातळ. सुरुंग लावून खड्डे फोडले, वहाळातून टोपलीने माती वाहिली आणि पहिली चार वर्षं उन्हाळाभर कावडीने प्रत्येक रोपाला पाणी घातलं. त्या कावडीचा घट्टा त्यांच्या उजव्या खांद्यावर होता आणि घरी पाहुणा आला की सदरा खाली ओढून ते तो दाखवत. पाहुण्याने विचारलेलं नसायचं. या माणसाने जन्मात मोहोराची एक काडी मोडली नव्हती. शिमग्याला होळीसाठी आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, लागले तर रायवळाचे आणायचे. कलमाकडे कोणी कोयती घेऊन नुसतं बघितलं तरी आबांचा आवाज खालच्या वाडीत ऐकू जायचा.

पुढे आबांचे गुडघे धरले. मग पाच वर्षं बाग मोहोरावरच काशीरामकडे जायची. काशीराम रत्नागिरीचा, बागा घेणारा. डिसेंबरात मोहोर बघायचा, बोली करायची, की फळ उतरेपर्यंत बाग त्याची. कुंपणाचं बेडं उघडून आत जायला आम्हालाही त्याच्या राखण्याला विचारावं लागे. मथुराला हे फार लागायचं. तिचे वडील हरिश्चंद्र, मुरुडचे, दापोलीच्या कृषी कॉलेजात जन्मभर माळी होते. त्यांच्या हाताखाली ती झाडांत वाढलेली. सासरी तीस कलमं असून तिला चूल आणि गोठा एवढंच मिळालं होतं. शहाऐंशीच्या डिसेंबरात काशीराम आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसला, आबांनी पानाचं तबक पुढे सरकवलं, आणि मथुरा चहा घेऊन आली ती कपबशी ठेवून आत गेलीच नाही.

"आबा, यंदा बाग मला द्या."

काशीराम हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. आबा हसले नाहीत. त्यांनी पानाचं तबक बाजूला सरकवलं.

"एक साल देतो," ते म्हणाले. "जमली तर बाग तुझी. मी मरेस्तवर नि मेल्यावरपण. नाय जमली तर पुढच्या मोहोराला काशीरामला, आनि तू परत त्या बेड्याच्या आत पाऊल टाकायचं नाय. काशीराम, तू साक्षीला."

आबा दिलेला शब्द मागे घेत नसत. परक्याला दिलेला एक वेळ घेतला असता, घरच्यांना दिलेला कधीच नाही. मथुरा मान डोलावून आत गेली आणि तिने त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही. एवढी ती खूश होती.

पुढचे दोन महिने बागेला दृष्ट लागावी असे गेले. फळ धरलं, सुपारीएवढं झालं, लिंबाएवढं झालं. मथुरा रोज पहाटे जायची आणि परत आल्यावर चहा पिता पिता मला झाडांची खबर सांगायची, कोणतं झाड कसं आहे, कोणाला मुंग्या लागल्यात. मी हो हो करत पेपर वाचायचो.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला उत्तरेकडून आभाळ काळं झालं. आमच्याकडे या दिवसांत वारा समुद्रावरून येतो, त्यात मीठ असतं आणि तो बरा असतो. हा वारा डोंगराकडून आला आणि गार होता. मी पडवीत उभा होतो. आधी पत्र्यावर खडा पडल्यासारखा आवाज झाला, मग चार, मग शेजारच्या घराच्या कौलांवर कोणी रेतीचा ट्रक रिकामा करतंय असं वाटलं. आबा खाटेवरून उठले आणि त्यांनी अंगणातून एक गार उचलून तळहातावर धरली. सत्तर वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदा हातात धरली होती. "गार हाय ही," ते म्हणाले, जसं काही मला ती काचेची गोटी वाटत होती. विजा कडाडत होत्या. मथुरा दारात उभी होती आणि तिचं सगळं लक्ष सड्याकडे होतं. ती निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. विजेखाली तिला बागेत जाऊ देणार नव्हतो. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम.

तासाभराने गेलो तर झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. हिरव्या कैऱ्यांचा सडा. काही फुटलेल्या, काही नुसत्या पडलेल्या, आणि अजून थंड. निम्म्याहून जास्त फळ गेलं होतं. मथुरा रडली नाही. तिने खाली बघितलंच नाही. मान वर करून ती एकेका झाडाखाली फिरली.

"निम्मं आहे अजून," ती म्हणाली. "धरून राहिलंय ते चांगलंच राहील."

त्या रात्रीपासून थंडी पडली. रेडिओवर सांगत होते की नाशकाकडे द्राक्षांच्या पानांवर दव गोठलं. आमच्याकडे दव गोठत नाही, पण आबा कानटोपी घालून, घोंगडी पांघरून चुलीपुढे बसले होते आणि पोस्टात आलेली माणसं मनीऑर्डरीच्या फॉर्मवर सही करण्याआधी हातावर फुंकर मारत होती. दहा दिवस असे गेले आणि मग ऊन पुन्हा आपल्या जागेवर आलं.

शिमग्याच्या पालखीच्या दिवसांत बाग मोहोरली.

सगळ्या झाडांवर, शेंड्याशेंड्याला, नवा पिवळट मोहोर. मार्चात. मुंबईहून सणाला आलेली पोरं बागेच्या कुंपणाशी उभी राहून बघत होती. वाडीतली माणसं आबांना येऊन सांगू लागली की देवाने गारांची भरपाई केली, आबा, तुमच्या कावडीचं पुण्य. आबा इतके फुलले की त्यांनी काठी न घेता अंगण ओलांडलं. मीही खूश. मला वाटलं, चला, मथुराची बाग वाचली.

मथुरा बागेतून आली ती पायऱ्यांवरच बसली. तिच्या हातात एक डहाळी होती. डहाळीच्या शेंड्याला नवा मोहोर आणि त्याच्याच बुडाशी लिंबापेक्षा जरा मोठ्या तीन कैऱ्या.

"हा मोहोर मोडायला हवा," ती म्हणाली.

आबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. अवकाळी थंडीने झाड फसलं आहे, त्याला वाटलं पुन्हा हिवाळा आला. आता हा मोहोर त्याच डहाळीवर आला आहे जिथे आधीचं फळ लटकतंय. झाड सगळा जोर नव्या मोहोराला देणार आणि आधीचं फळ गाळणार. आणि या मोहोराचं फळ धरलं तरी तयार व्हायला जून उजाडेल, पाऊस पडेल, ते कोणाच्या कामाचं नाही. तिच्या वडिलांनी दापोलीला हे दोनदा बघितलं होतं. "अंगावर पीत असलेल्या पोराच्या तोंडचं दूध काढून घ्यावं तसं आहे हे, आबा. ज्या ज्या डहाळीला कैरी आहे तिथला मोहोर खुडायचा. हाताने. बाकीचा राहू दे."

आबा उभे राहिले. त्यांचा आवाज तेव्हा चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"सूनबाय, मी ह्या झाडांना लहान पोरासारखं पानी पाजलंय. त्यांचा मोव्हर मोडायचा तर आधी माझा हात मोड."

मी मध्ये पडलो. म्हणजे मध्ये पडून मथुरालाच समजावू लागलो, कारण आबांना समजावण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हटलं, जाऊ दे ना, आबांना एवढं लागतंय, देवाने दिलंय ते बघू. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "तुम्ही तिकिटं चिकटवा," ती म्हणाली.

मग तिने आबांना विचारलं, "आबा, तुम्ही डिसेंबरात शब्द दिला होता की एक साल बाग माझी. साल सरलं का?"

शब्द हा आबांचा कच्चा दुवा होता आणि तिला तो बरोबर माहीत होता. बराच वेळ ते खळ्यात येरझाऱ्या घालत राहिले. बागेच्या मधोमध एक जुना गडगा आहे, दगड रचून केलेली कंबरभर भिंत. तिच्या वर अठरा कलमं, खाली बारा. खालची बारा आबांनी पहिल्यांदा लावलेली, त्यांची लाडकी.

"गडग्याच्या वर तुला काय करायचं ते कर," आबा शेवटी म्हणाले. "खालच्या बाराला हात लावायचा नाय. ती मी राखतो. मग बघू देव कोनाचा."

मथुरा म्हणाली, "चालेल."

दुसऱ्या दिवशी बाबल्या, आमच्याकडे वर्षानुवर्षं बागेचं काम करणारा गडी, बेड्याबाहेरच थांबला. "मला पोरंबाळं हायत, वैनी," तो म्हणाला. "मोव्हराला नख नाय लावनार मी." त्याच्या मागे आणखी दोघे उभे होते, तेही परत फिरले. आली ती सखू, आणि तिच्याबरोबर मैना आणि गंगा, काजूच्या हंगामात बिया वेचायला येणाऱ्या बायका. सखूने सरळ विचारलं, "पाप कोनाच्या नावावर?"

"माझ्या," मथुरा म्हणाली.

"मग माझं काय जातंय. चला गो."

पाच दिवस त्या चौघी त्या अठरा झाडांवर होत्या. मथुरा पदर खोचून, पाय डहाळीत अडकवून वर बसायची आणि एकेका शेंड्याचा मोहोर नखाने खुडायची, बुडाच्या कैरीला धक्का न लावता. तिची बोटं चिकाने काळी पडली, अंगठ्याच्या नखाखाली जखम झाली आणि रात्री जेवताना ती डाव्या हाताने ताट धरून उजव्या हाताला फुंकर मारायची. आबा खालच्या बारा झाडांत खुर्ची टाकून बसायचे. दोघं दिवसभर एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असायची आणि एक शब्द बोलायची नाहीत. खाली आबांच्या झाडांवर मोहोर डोलत होता, मधमाश्या घुमत होत्या. वर मथुराच्या झाडांखाली तुटलेला मोहोर पडून वाळत होता. बघणाऱ्याने कोणाला वेडं म्हणावं यात शंकाच नव्हती.

पोस्टाच्या खिडकीत तर रोजचा तमाशा. "भिकाजीराव, वैनी मोव्हर खुडतायत म्हनं. उद्या नारळाचा फुलोरापण कापनार की काय?" मी शिक्का जोरात मारायचो. एका दुपारी माझं डोकं फिरलं, कुलूप घातलं, बागेत गेलो आणि म्हटलं मीही खुडतो. मथुराने मला एक बुटकं झाड दिलं. मी तिसऱ्या फांदीपर्यंत पोचलो, डोळे मिटून एक शेंडा ओढला आणि चार कैऱ्यांसकट डहाळी माझ्या हातात आली. सखू खाली पोट धरून हसत होती.

"उतरा," मथुरा म्हणाली. "तुमचा हुद्दा बरा." पण ती हसत होती. कितीतरी दिवसांनी.

एप्रिल लागला. खालच्या बारा झाडांवर जे घडलं ते मी हळूहळू बघितलं, कारण आता मी रोज बागेत जाऊ लागलो होतो. आधी मोहोराशेजारच्या कैऱ्यांचे देठ पिवळे पडले. मग रोज सकाळी दहा-पंधरा कैऱ्या खाली. मग तीस-चाळीस. आणि ज्या मोहोरासाठी हे चाललं होतं तो धुकं आल्यावर काळा पडून गळून गेला. वरच्या अठरांवर कैऱ्या ठाण मांडून होत्या, त्यांचे खांदे भरू लागले होते. गारांतून वाचलेलं जवळजवळ सगळं फळ तिथे टिकलं.

एकदा मी उजाडता उजाडता गेलो. आबा खालच्या झाडांत होते. गुडघे न वाकणारा तो माणूस चक्क जमिनीवर बसून पुढे सरकत, एकेक गळलेली कैरी टोपलीत भरत होता. टोपली भरली की ती ओढत गडग्याच्या कोपऱ्यात न्यायची, तिथल्या रिकाम्या खड्ड्यात ओतायची आणि वरून वाळक्या पानांचा पातेरा ढकलायचा. कोणाला दिसू नये म्हणून. मी झाडामागे थांबलो. मला माझ्या वडिलांची एवढी दया त्याआधी कधी आली नव्हती, आणि दया आली याचीच मला लाज वाटली. मी तसाच मागे फिरलो.

घरी येऊन मथुराला सांगितलं. ती चूल फुंकत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. म्हणून तर मी हल्ली ऊन वर आल्यावर जाते. त्यांचं आटपायला हवं ना. तुम्ही काही बघितलं नाही, कळलं?"

रामनवमी होऊन आठेक दिवस झाले असतील. दुपारी मी पोस्टाला कुलूप घालत होतो, तेवढ्यात काशीराम वाडीतल्या चार जणांना घेऊन बागेकडे चाललेला दिसला. मी त्यांच्या मागोमाग गेलो. बाबल्याही होता त्यांच्यात. मथुरा आणि सखू वरच्या झाडांना टेकू लावत होत्या, आबा खाली खुर्चीवर. काशीराम बेडं उघडून आत आला. बेड्यातून आत आलं की आधी खालची बाराच लागतात. काशीरामने वर बघितलं. बारा झाडांवर मिळून एक टोपली भरेल एवढंही फळ नव्हतं. मग त्याने गडग्याच्या पलीकडे बघितलं, तिथे फांद्या वाकल्या होत्या.

बाग गडग्यावरून वाटली एवढंच त्याने ऐकलं होतं, बाकीचा हिशोब त्याने स्वतःच जुळवला. बाईने मोहोर मोडला, ही झाडं उघडी पडली. म्हाताऱ्याने राखली, ती लगडली. दुसरं काही त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

"आबा, मी सांगत होतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज तसा दुःखीही होता. "मोहोराला हात लावला की असं होतं. बायकांच्या हातात बाग दिलीत. वरची तुम्ही राखलीत म्हणून निदान तेवढी तरी वाचली."

बाबल्याला खरं माहीत होतं. सखूला माहीत होतं. पण आबा समोर बसलेले असताना त्यांच्यातलं कोण तोंड उघडणार? सगळे मथुराकडे बघू लागले. मथुरा गडग्यापलीकडे उभी होती, एका हातात टेकूचा बांबू. ती आबांकडे बघत होती. आबांची नजर काठीच्या टोकावर होती. त्यांनी मान वर केली नाही.

मला ओरडावंसं वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी माझ्या बायकोकडे बघितलं आणि थांबलो, कारण ती काय करणार ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"चुकलं माझं, काशीरामभाऊ," मथुरा म्हणाली. "मी मोडायला नको होता मोहोर."

एवढं म्हणून तिने बांबू झाडाला टेकवून ठेवला. म्हणजे बाग गेली. पाच दिवस खुडून काळी पडलेली बोटं, दापोलीच्या माळ्याची मुलगी, अठरा लगडलेली कलमं, सगळं तिने त्या म्हाताऱ्याच्या मानेखाली उशी द्यावी तसं देऊन टाकलं. नंतर मी तिला विचारलं की तू असं का केलंस. ती म्हणाली, "चार माणसांत त्यांना खाली बघायला लावू? ह्याच बागेत?"

काशीरामने मान हलवली. "मग आबा, शब्दाप्रमाणे पुढच्या मोहोराला..."

"थांब," आबा म्हणाले.

ते उठले. कोणी हात द्यायला पुढे झालं तर त्यांनी काठीनेच बाजूला केलं. चालत ते गडग्याच्या कोपऱ्यात गेले, खड्ड्यापाशी, आणि काठीच्या टोकाने पातेरा उकरला. खाली पिवळ्या, काळ्या, सुकलेल्या कैऱ्या. ढीगच्या ढीग. वास आला.

"ह्या माझ्या," आबा म्हणाले. "ही बारा मी राखली. मी म्हटलं मोव्हर मोडू नुको, नि ह्यांचा मोव्हर मी जपला. रोज गळलेलं फळ मी इथं लपवत होतो, चोरासारखं. वरची अठरा तिची. मोव्हर तिनं मोडला तो तिथला."

काशीराम खड्ड्याकडे बघत होता.

"खोटं बोलली ती," आबा पुढे म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलली. जन्मात मला कोनी एवढं मोठं काय दिलं नाय." मग त्यांचा आवाज चढला, तो जुना, खालच्या वाडीत ऐकू जाणारा. "बघतोस काय काशीराम? वर जा नि बघ! गारा पडल्या, थंडी पडली, ह्या अख्ख्या सड्यावर अशी झाडं हायत कोनाची? बाबल्या, तू बघ, तुला पाप लागनार व्हतं ना? माझी सून हाय ती! माझी!"

काशीराम खरंच वर गेला. वाडीतले चारही जण गेले. त्यांनी फांद्या हातात धरून बघितल्या, बाबल्याने तर एका कैरीचा वास घेतला. मी जागेवरून हललो नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचे नव्हते. माझ्या बायकोचा आणि माझ्या बापाचा मला त्या घटकेला जो अभिमान वाटला, तो त्यांच्यापैकी कोणाचा जास्त, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

आबा गडग्यापाशी आले. गडग्याच्या पलीकडे मथुरा, अलीकडे ते. तिने डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती खाली बघत होती.

"सूनबाय," आबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाग तुझी झाली. आता एक मागतो. पुढल्या साली ही खालची बारा मला राखायला देशील?"

मथुराने वर बघितलं.

"देईन, आबा. पण माझं ऐकावं लागेल."

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आजवर कोनाचं ऐकलं नाय," ते म्हणाले. "शिकव."